धार गेली तरी कापणारा चाकू

गाजर उभं कापायला घ्या. चाकू निम्म्यापर्यंत नीट जातो, मग 'कट्' असा आवाज येतो आणि उरलेलं गाजर चाकूच्या पुढेच दुभंगतं. कैरीचं, बिटाचं, सुरणाचंही तेच. आपण म्हणतो, धार गेली. धार लावून आणतो, तरी गाजर तसंच फुटतं, कारण दोष धारेचा नव्हताच. धारेच्या मागचं पोलाद जाड आहे. ते पाचर होऊन आत घुसतं आणि गाजराच्या दोन्ही बाजू रेटून फोडतं.

चाकू किती चांगला कापतो हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे धार किती तीक्ष्ण आहे, आणि दुसरी म्हणजे धारेच्या मागे पातं किती पातळ आहे. तीक्ष्णपणा रोजच्या वापरात भराभर झिजतो. पातळपणा मात्र वर्षानुवर्षं टिकतो. खिशातल्या घडीच्या चाकूचं पातं पुन्हा घासून पातळ करून घेणारे लोक या दुसऱ्या गोष्टीसाठी खटपट करतात. असा चाकू रोज, वर्षानुवर्षं वापरला तर काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी मोजमाप. धारेचा तिरपा चकचकीत पट्टा जिथे संपतो आणि पात्याची बाजू सुरू होते, त्या रेषेवर व्हर्निअर (बारीक जाडी मोजायचं उपकरण) लावा. तिथे जी जाडी येईल तिला आपण धारेमागची जाडी म्हणू. बाजारातल्या बऱ्याच घडीच्या चाकूंत ती अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. पातळ करून घेतलेल्या पात्यात ती ०.२ ते ०.३ मिलिमीटरवर आणलेली असते. आकड्यांत फरक किरकोळ दिसतो, म्हणून एक हिशोब करून पाहू. समजा पातं २० मिलिमीटर रुंद आहे आणि पाठ २.५ मिलिमीटर जाड. कारखान्याने उतार फक्त खालच्या १० मिलिमीटरमध्ये दिलाय आणि धारेमागे ०.६ मिलिमीटर सोडलंय. मग तिथून ५ मिलिमीटर वर पातं दीड मिलिमीटरहून थोडं जास्तच जाड भरतं. तेच पातं पाठीपासून धारेपर्यंत सलग सपाट उतरवलं आणि धारेमागे ०.२ मिलिमीटर ठेवलं, तर त्याच उंचीवर जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास येते. चाकूला गाजरात शिरायला लागणारी जागा निम्मी झाली.

प्रत्येक वस्तूला हा फरक सारखा जाणवत नाही. कापताना तीन प्रकारचा जोर लागतो: धारेच्या टोकाशी वस्तू चिरायला, चिरलेले दोन भाग बाजूला सारायला आणि पात्याच्या अंगाला होणाऱ्या घर्षणावर मात करायला. पिकलेला टोमॅटो मऊ असतो, त्याचे भाग सहज बाजूला होतात. तिथे सगळी मदार धारेवर. गाजर, पुठ्ठा, कच्ची कैरी, चामड्याचा जाड तुकडा हे ताठ असतात, बाजूला व्हायला तयार नसतात. तिथे पातळ पातं खरी कमाल दाखवतं. पातळ पात्याची धार बरीच गेली तरी पुठ्ठ्याचा खोका त्याने सहज फाडता येतो, आणि नुकती धार लावलेला जाड चाकू त्याच पुठ्ठ्यात अडकतो.

कोल्हापुरात याचं उत्तम उदाहरण रोज नजरेसमोर असतं. चप्पल बनवणाऱ्या कारागिराची रापी पाहा. रुंद, चपटं, पातळ पातं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं जाड, ताठ चामडं ती सरळ रेषेत कापते आणि कडेला तासून कागदासारखं पातळही करते. जाड पात्याने चामड्याची कड दाबली गेली असती, वाकडी झाली असती. रापीची धार मधूनमधून दगडावर घासून ताजी करतात. पातं पातळ असल्यामुळे ते काम चटकन होतं.

हे चटकन होणं हा दीर्घ वापरातला मोठा फायदा आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते. धार लावणं म्हणजे धारेच्या दोन्ही अंगांचं थोडं थोडं पोलाद दगडावर झिजवणं. ०.६ मिलिमीटर जाडीच्या मागे दर बाजूला २० अंशांची धार दिली, तर तिरप्या पट्ट्याची रुंदी ०.९ मिलिमीटरच्या जवळ येते. ०.२ मिलिमीटरच्या मागे १५ अंशांची धार दिली, तर पट्टा ०.४ मिलिमीटरपेक्षाही अरुंद. घासायचं पोलादच कमी. त्यामुळे जाड चाकूला दगडावर अर्धा तास द्यावा लागतो, तिथे पातळ चाकूचं काम दोन-चार मिनिटांत उरकतं. ज्या चाकूला धार लावणं सोपं, त्याला माणूस वेळेवर धार लावतो. मला स्वतःला पातळ पात्याचा हाच गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

एवढं चांगलं असेल तर कारखानेच पातळ पातं का देत नाहीत? काही देतात. फ्रान्सच्या साव्होआ प्रांतात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने जो लाकडी मुठीचा चाकू बनवायला घेतला, त्याचं पातं आजही मुळातच पातळ असतं. स्वित्झर्लंडच्या लाल मुठीच्या व्हिक्टोरिनॉक्स चाकूंचंही तसंच. असा चाकू हाताशी असेल तर पुन्हा घासायच्या फंदात पडू नये. बाकीचे बहुतेक उत्पादक जाडी ठेवतात, आणि त्यांची कारणं समजण्यासारखी आहेत. चाकूने डबा उचकटणारं, स्क्रू फिरवणारं गिऱ्हाईक त्यांना माहीत असतं. पातं तुटलं तर तक्रार त्यांच्याकडेच येते. पोलादाला पाणी दिल्यानंतर, म्हणजे तापवून-विझवून कडक केल्यानंतर, पातळ घासायचं तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. शिवाय दुकानात हातात घेतल्यावर जड चाकूच भक्कम वाटतो.

जाडीमुळे भक्कमपणा येतो, हे खोटं नाही. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली तर विरोध आठव्या हिश्शावर येतो, आणि ०.६ वरून ०.२ वर आणली तर सत्ताविसाव्या हिश्शावर. पातळ धार सरळ दाबाला छान टिकते, पण आडवा जोर तिला सोसत नाही. कापताना चाकू सरळ जायला हवा आणि सरळच बाहेर यायला हवा. आत रुतलेला चाकू पिळला की धार गेली.

इथे पोलादाचा प्रकार कामाला येतो. आडव्या जोराने मऊ पोलादाची धार मुडपते, कडक आणि ठिसूळ पोलादाची धार तुटून दाते पडतात. मुडपलेली धार पुन्हा सरळ करता येते. दाता पडला तर तो निघेपर्यंत सगळं पातं घासावं लागतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, टूलरूममध्ये काम करणाऱ्यांना दोन नावं लगेच कळतील: ईएन ३१ आणि डी २. ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद, त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. त्याची रचना बारीक, म्हणून पातळ धारेला ते उत्तम. डी २ हे डायचं पोलाद, दीड टक्का कार्बन आणि सुमारे १२ टक्के क्रोमियम. त्यात कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि क्रोमियमच्या संयुगाचे, मोठे, कडक कण असतात. ते झिजेला दाद देत नाहीत, पण धार फार पातळ केली की त्याच कणांच्या कडेने ती तुटते. खिशातल्या चाकूंत डी २ हल्ली सर्रास दिसतं. अशा पात्यात धारेमागे ०.३ मिलिमीटरच्या खाली उतरू नये, असं माझं मत आहे. स्वस्त, मऊ स्टेनलेस पात्यालाही तोच आकडा ठेवावा, पण कारण वेगळं: ते तुटणार नाही, वारंवार मुडपेल.

पातळ धार लवकर जात असेल, असं सगळ्यांना वाटतं. गैरवापर केला तर जाते. पण निव्वळ कापण्याच्या कामात उलटं घडतं. चाकूंच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५ टक्के क्वार्ट्झ मिसळलेला खास कार्ड कागद यंत्रावर ठरावीक दाबाने कापतात आणि धार कितीदा पुरते ते मोजतात. पोलाद तेच ठेवून धारेचा कोन कमी केला की त्या चाचणीत चाकू जास्त कापतो. धारेचं टोक झिजून बोथट झालं, तरी त्याच्या मागचा भाग अरुंदच असतो, त्यामुळे कापणं सुरू राहतं. पोलाद बदलून जेवढा फरक पडतो, तेवढा किंवा त्याहून जास्त फरक कोन बदलून पडू शकतो.

आता आपल्याकडच्या रोजच्या कामांकडे वळू. मिसळीबरोबरचा कांदा बारीक चिरणं, लिंबाच्या फोडी, पेरू, सफरचंद: पातळ पात्याला यात काहीच त्रास नाही. कांद्याच्या पेशी चेचल्या जात नाहीत, म्हणून डोळ्यांना झोंबणारा रसही कमी उडतो. सुतळी, कुरिअरचे खोके, खताच्या पिशवीची शिवण ही कामंही होतात, फक्त पुठ्ठ्यात आणि धुळकट सुतळीत खनिजांचे बारीक कण असतात आणि ते धार घासून टाकतात. ऊस मात्र विचार करून हाती घ्यावा. ऊस हे गवतच, आणि गवतवर्गीय पिकं जमिनीतून सिलिका (वाळूतलं कडक द्रव्य) शोषून सालीत साठवतात. ऊस सोलताना चाकू त्या सिलिकेवर घासतो. वर पेराची गाठ आली की हात नकळत चाकू पिळतो. उसाला कोयता बरा. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, तुकडा काढायलाही हा चाकू वापरू नये. तिथे माणूस कापत नाही, टोक खुपसून उचकटतो, आणि पातळ टोक पहिल्यांदा तिथेच मोडतं. नारळ, हाडं, डब्यांची झाकणं यांचं तर नावच नको.

कशावर कापताय, हेही तितकंच महत्त्वाचं. स्टीलच्या ताटात सफरचंद कापायची सवय घरोघरी आहे. कापून झाल्यावर धार ताटावर आपटते आणि तिथेच मुडपते. कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा, काच, चिनी मातीची बशी यांवर तर धार क्षणात जाते. लाकडी पाट घ्या, नाहीतर साधा पुठ्ठ्याचा तुकडा खाली ठेवा.

आणि हा चाकू कोणी मागितला तर देताना जपा. ज्याच्या हाताला जाड चाकूची सवय आहे तो त्याच जोराने पातळ चाकू दाबतो. चाकू अपेक्षेपेक्षा आधी आरपार जातो आणि खालचं बोट कापतं. कमी जोर लागतो म्हणून हात घसरायची भीती कमी असते, पण ती सवय झाल्यानंतरची गोष्ट.

देखभालीचा पहिला भाग म्हणजे धारेकडे बघणं. दिव्याखाली पातं उलटं धरून, धार डोळ्यांकडे करून पाहा. तीक्ष्ण धारेवरून प्रकाश परावर्तित होत नाही, ती दिसतच नाही. जिथे चमकणारा ठिपका किंवा रेघ दिसेल तिथे धार बोथट झालीय, मुडपलीय किंवा दाता पडलाय. फळं कापायच्या चाकूला ही तपासणी सोडू नये, कारण तुटलेला पोलादाचा कण फोडीबरोबर पोटात जाता कामा नये.

नुसती मुडपलेली धार असेल तर दगडाची गरज नाही. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं सपाट चामडं घ्या, चप्पल बनवताना उरलेला तुकडाही चालतो. लाकडी पट्टीवर तो चिकटवा आणि त्यावर बफिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारी हिरवी पॉलिशची वडी घासा. त्या हिरव्या रंगात क्रोमियम ऑक्साइड असतं, ते पोलादाला हलकं घासतं. चाकू पाठीच्या दिशेने ओढायचा, धारेच्या दिशेने ढकलायचा नाही. दर बाजूला पाच-दहा वेळा पुरे. जोर लावला तर चामडं दबतं आणि धारेचं टोक गोल होतं.

दगडावर घ्यायची वेळ आली की कोन सांभाळावा लागतो. मघाच्या २० मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर पाठीच्या पात्यासाठी, दर बाजूला १५ अंश हवे असतील तर पाठीची खालची कड दगडापासून सुमारे ४ मिलिमीटर वर राहायला हवी. एकदा पट्टीने मोजून पाहा, पुढे हात शिकतो. कार्बोरंडमच्या साध्या दुहेरी दगडाची बारीक बाजू पाणी लावून वापरा. धारेच्या विरुद्ध अंगाला पोलादाची बारीक लव येते, तिला मशीनशॉपमध्ये 'बर' म्हणतात. ती संपूर्ण लांबीला बोटाला जाणवली की बाजू बदला, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने ती काढून टाका. मग पाठ थोडी आणखी उचलून, २० अंशांच्या जवळ, दर बाजूला दोन-तीन हलके हात फिरवा. टोकाशी केसाएवढा बळकट पट्टा तयार होतो. गाजर कापताना तो जाणवत नाही, पण धार मुडपणं आणि तुटणं पुष्कळ कमी होतं.

पावसाळ्यात गंज धरतो. पातं पुन्हा घासताना कारखान्याचा काळा मुलामा किंवा पॉलिश निघून गेलेलं असतं, आणि खरखरीत घासलेल्या रेघांत ओल साचून राहते. म्हणून घासून घेताना शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा हवा. डी २ मध्ये १२ टक्के क्रोमियम असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. ईएन ३१ तर सरळ गंजतं. कैरी, लिंबू, कांदा कापल्यावर पातं लगेच धुऊन पुसावं. अशा पोलादावर हळूहळू निळसर राखाडी थर चढतो. तो घासून काढू नये, लाल गंजापासून तो काही प्रमाणात वाचवतो. सांध्यात फळांचा रस सुकून बसला तर चाकू उघडायला जड जातो. कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

आता बऱ्याच वापरणाऱ्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. पातं पाठीकडे जाड होत जातं. धार लावताना खालून पोलाद जातं, म्हणजे धार दर वेळी किंचित वर, जाड भागाकडे सरकते. आपल्या उदाहरणातल्या सलग उताराच्या पात्यात दर मिलिमीटरला जाडी सुमारे ०.११ मिलिमीटरने वाढते. पात्याची रुंदी सव्वा मिलिमीटरने घटली की ०.२ ची धारेमागची जाडी ०.३५ च्या आसपास जाते. धार तितकीच तीक्ष्ण, पण गाजर पुन्हा फुटायला लागतं. हाताने, बारीक दगडावर धार लावत राहिलात तर इथवर यायला वर्षं जातात. फिरत्या चाकावर एकाच खेपेत त्याहून पुष्कळ पोलाद जातं, म्हणून पातळ चाकू तिथे देऊ नये.

दुसरा बदल मुठीजवळ होतो. धारेचा मुठीकडचा शेवट दगडावर नीट टेकत नाही, तिथे पोलाद कमी झिजतं, आणि काही काळाने तिथे उंचवटा राहून पुढची धार आत वळलेली दिसते. दर वेळी तो कोपरा आठवणीने घासला तर हे टळतं. मात्र मुठीजवळच्या बिनधारेच्या ठोकळ्याला हात लावू नका. खटका नसलेल्या साध्या घडीच्या चाकूत बंद झाल्यावर पातं त्यावरच टेकतं. तो घासला गेला तर पातं आणखी आत जाऊन धार मुठीतल्या स्प्रिंगवर आपटते.

जाडी वाढली की पातं पुन्हा पातळ करावं लागतं. वेळ असेल तर जाड्याभरड्या दगडावर पाण्याने, पात्याची पूर्ण बाजू टेकवून, हातानेच करा. खूप वेळ लागतो, पण पातं तापायचा प्रश्न येत नाही. यंत्रावर तापणं हा मोठा धोका आहे. साध्या कार्बन पोलादाला पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवलेलं असतं. त्याहून जास्त तापलं की पाणी उतरू लागतं. साधारण २२० अंशांपुढे पिवळसर झाक येते, ३०० च्या आसपास निळी. धारेजवळ पोलादच इतकं कमी असतं की ग्राइंडरच्या फिरत्या पट्ट्यावरचा एक जादा फेरा पुरतो. निळा डाग पॉलिशने निघतो, पण गेलेला कडकपणा येत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बेल्ट ग्राइंडरवर काम करणारे कुशल मेस्त्री आहेत. पातं त्यांच्याकडे द्यायचं तर काय हवं ते कागदावर लिहून द्या: कुठलं पोलाद, पाठीची जाडी आहे तशी, धारेमागे ०.२५ मिलिमीटर (डी २ किंवा मऊ स्टेनलेस असेल तर ०.३), त्याहून कमी नाही, टोकाकडे जास्त पातळ करू नये, मुठीजवळचा ठोकळा सोडावा. नवा पट्टा, हातमोजे न घालता काम (म्हणजे पातं तापलं की हाताला लगेच कळतं), आणि प्रत्येक फेऱ्यानंतर पातं पाण्यात, हे तिन्ही आधी बोलून ठरवा. चाकू परत मिळाल्यावर तिथेच व्हर्निअर मागून धारेमागची जाडी मुठीजवळ, मध्ये आणि टोकाकडे अशी तीन जागी मोजा, आणि दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का तेही पाहा. एका बाजूला जास्त उतार असेल तर चाकू कापताना सरळ न जाता एका अंगाला ओढतो, आणि ते दुरुस्त करायला आणखी पोलाद घालवावं लागतं.